विश्लेषण : गाठ निघाली, पण पुढच्या वीस वर्षांचे काय? पुरुषांच्या स्तन कर्करोगाचा पाठपुरावा तालुक्यातच का हवा?

पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, हे आता अनेकांनी ऐकलेले असते. शस्त्रक्रिया होते, गरजेप्रमाणे केमो आणि रेडिएशन होते, माणूस घरी येतो. त्यानंतर मात्र त्याची विचारपूस थांबते. खरे तर हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही परतू शकतो आणि तो परतू नये म्हणून दिली जाणारी गोळी किमान पाच वर्षे रोज घ्यावी लागते. म्हणजे उपचाराचा सर्वांत लांब टप्पा मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात नव्हे, तर म्हसवडसारख्या गावात, घरीच पार पडतो. नेमका तिथेच हा रुग्ण आरोग्य यंत्रणेच्या नजरेआड होतो. हे बदलण्यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागणार नाही. आहे त्याच व्यवस्थेत पुरुषाला जागा द्यावी लागेल.

पुरुषांमध्ये हा कर्करोग किती आढळतो?

स्तन कर्करोगाच्या शंभर रुग्णांमध्ये पुरुष साधारण एक किंवा त्याहून कमी, असे प्रमाण जगभर सांगितले जाते. भारतात २०२२ मध्ये महिलांमधील स्तन कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा ‘ग्लोबोकॅन’चा अंदाज आहे. त्यावरून ढोबळ हिशेब केला तर देशात वर्षाला हजार ते दोन हजार पुरुषांना हा आजार होत असावा. माण तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांहून अधिक आहे. एवढ्या तालुक्यात एखाद्या वर्षी असा एक रुग्ण निघेल, एखाद्या वर्षी एकही नाही.

आजार दुर्मीळ असल्यामुळेच तो उशिरा लक्षात येतो. पुरुषाच्या छातीत स्तनाची थोडी ऊती असतेच. बोंडामागे घट्ट, बहुधा न दुखणारी गाठ येते, बोंड आत ओढले जाते, कातडीला जखम होते किंवा रक्तमिश्रित स्राव येतो. शेतात लागले असेल, मेंढराने ढुशी मारली असेल, असे म्हणून महिने जातात. हा आजार बहुतेकदा साठीच्या पुढे-मागे होतो. यकृताचे जुने आजार, लठ्ठपणा, छातीवर पूर्वी झालेले रेडिएशन, क्लाइनफेल्टर सिंड्रोम हा जन्मजात दोष आणि ‘बीआरसीए २’सारख्या जनुकातील बिघाड यांमुळे धोका वाढतो.

उपचार संपले म्हणजे आजार संपला का?

नाही. या आजाराबद्दल सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे.

पुरुषांमधील स्तन कर्करोग बहुतांश वेळा हॉर्मोनवर वाढणारा असतो. १९९० ते २०१० या काळातील सुमारे दीड हजार पुरुष रुग्णांच्या नोंदी नऊ देशांतील केंद्रांनी एकत्र तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील ९९ टक्के गाठी इस्ट्रोजेन या हॉर्मोनला प्रतिसाद देणाऱ्या निघाल्या. तरीही शस्त्रक्रियेनंतर हॉर्मोनविरोधी औषध मिळालेल्यांचे प्रमाण ७७ टक्क्यांच्या आसपासच होते.

अशा गाठींचा स्वभाव संथ पण चिवट असतो. शरीरात उरलेल्या मोजक्या पेशी वर्षानुवर्षे गप्प राहू शकतात. अमेरिकेतील नोंदणीतील २,८३६ पुरुषांच्या अभ्यासानुसार, निदानानंतरच्या वीस वर्षांत याच कर्करोगाने मृत्यू होण्याची जोखीम पहिल्या टप्प्यात निदान झालेल्यांमध्ये सुमारे १२ टक्के, दुसऱ्या टप्प्यात २६ टक्के आणि तिसऱ्या टप्प्यात ४६ टक्के होती. ‘पाच वर्षे काढली, आता सुटलो’ हा हिशेब इथे चालत नाही.

‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकातील २०१९ च्या आणखी एका मोठ्या अभ्यासात निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण महिलांमध्ये ८६.४ टक्के, तर पुरुषांमध्ये ७७.६ टक्के आढळले. उशिरा निदान आणि अपुरे उपचार हे या फरकाचे मोठे कारण होते, पण वय आणि उपचारांतील फरक वजा केल्यावरही पुरुषांचा मृत्युदर जास्तच राहिला. निदान लवकर करणे हा उत्तराचा अर्धा भाग झाला. उपचार मध्येच सुटू न देणे हा उरलेला अर्धा.

पाच वर्षांची गोळी मध्येच का सुटते?

पुरुषांसाठी मुख्य औषध टॅमॉक्सिफेन आहे. दिवसातून एकदा, किमान पाच वर्षे. धोका जास्त असेल आणि औषध सोसत असेल तर ते आणखी पाच वर्षे देता येते, असे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे औषध जुने आहे, जेनेरिक स्वरूपात मिळते आणि भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. महागड्या कर्करोग औषधांच्या तुलनेत त्याचा खर्च किरकोळ म्हणावा असा आहे.

तरीही ते सुटते. ११६ पुरुषांवरील २०१२ च्या एका अभ्यासात पहिल्या वर्षाअखेर सुमारे ६५ टक्के रुग्ण गोळी नियमित घेत होते. पाचव्या वर्षी हे प्रमाण १८ टक्क्यांवर आले होते. ज्यांनी औषध सोडले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते.

याचे कारण बऱ्याच अंशी दुष्परिणामांत आहे. अंगातून वाफा निघणे, घाम, वजन वाढणे, चिडचिड, उदासी आणि लैंगिक इच्छा कमी होणे. शेवटची तक्रार पुरुष डॉक्टरांपुढे काढत नाही, घरात तर नाहीच. तो गुपचूप गोळी बंद करतो आणि आठवड्याभरात बरे वाटू लागल्यामुळे निर्णय योग्यच होता असे त्याला वाटते. त्यात पाकिटातील माहितीपत्रकात पाळी, गर्भाशय आणि गरोदरपणाबद्दलच्या सूचना असतात. कोणी तरी वाचून सांगते, ‘हे तर बायकांचं औषध आहे.’ तेवढे कारण पुरते.

इथे दोन धोके ठळकपणे सांगायला हवेत. पहिला, ‘ताकदीच्या’ औषधांचा. रस्त्याकडेच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्या औषधांत काय मिसळले आहे याची खात्री नसते. टेस्टोस्टेरॉन देणारी औषधे तर या रुग्णांनी घ्यायचीच नाहीत, कारण शरीर टेस्टोस्टेरॉनचे काही प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. म्हणजे ज्याची वाट अडवायची तेच हॉर्मोन शरीराला मिळते. दुसरा धोका उदासीवरच्या काही गोळ्यांचा. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन ही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. मनासाठी औषध लागत असेल तर ते जरूर घ्यावे, पण टॅमॉक्सिफेन सुरू असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. म्हणजे योग्य पर्याय निवडता येतो.

महिलांना दिली जाणारी लेट्रोझोलसारखी औषधे पुरुषांमध्ये एकटी पुरेशी पडत नाहीत. त्यांच्यासोबत वेगळे इंजेक्शन द्यावे लागते. त्यामुळे ओळखीतल्या एखाद्या महिला रुग्णाची चिठ्ठी पाहून औषध बदलणे घातक ठरू शकते.

पाठपुराव्यात नेमके काय करायचे असते?

बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी, पण न चुकता. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी, हे स्तन कर्करोगासाठीचे सर्वसाधारण वेळापत्रक आहे. या भेटीत डॉक्टर तक्रारी विचारतात, शस्त्रक्रियेचा व्रण, छातीची दुसरी बाजू, दोन्ही काखा आणि मान हाताने तपासतात, पोट आणि फुप्फुसे पाहतात, वजन करतात आणि गोळी सुरू आहे का याची खात्री करतात.

पूर्ण स्तन काढलेला असेल तर त्या बाजूच्या नियमित मॅमोग्राफीची गरज नसते. फक्त गाठ काढून स्तन राखला असेल तर त्या बाजूची मॅमोग्राफी दरवर्षी, शक्य असल्यास, सुचवली जाते. जनुकीय दोष आढळला असेल तर दुसऱ्या बाजूच्या वार्षिक मॅमोग्राफीचाही विचार होतो. पुरुषांच्या स्तनाचे एमआरआय दरवर्षी करण्याची शिफारस नाही.

काही त्रास नसताना दरवर्षी पेट स्कॅन, सीटी स्कॅन किंवा रक्तातील ‘कॅन्सर मार्कर’ तपासण्याचीही शिफारस नाही. त्यातून आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. खर्च आणि धास्ती मात्र वाढते. म्हणूनच गावातल्या कुटुंबासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्कॅनचे पैसे नाहीत म्हणून तपासणीलाच न जाणे, हा चुकीचा निष्कर्ष आहे. जी तपासणी खरोखर उपयोगी आहे ती प्रशिक्षित डॉक्टरांचे हात, दहा मिनिटे आणि एक वही एवढ्यात होते.

कोणत्या तक्रारी अंगावर काढू नयेत?

व्रणावर, काखेत, मानेत किंवा दुसऱ्या बाजूला नवी गाठ दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकणारी पाठदुखी किंवा हाडांचे दुखणे, विशेषतः रात्री वाढणारे, तपासून घ्यावे. कष्टकरी माणसाची पाठ दुखतेच, म्हणून हीच तक्रार सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. कोरडा खोकला, धाप, कावीळ, विनाकारण घटणारे वजन, सतत डोकेदुखी किंवा एखाद्या बाजूचा अशक्तपणा यांचेही तसेच.

एका पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखणे किंवा एकाएकी दम लागणे, ही तातडीची स्थिती असू शकते. टॅमॉक्सिफेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. मुंबईहून रात्रभर एसटीने बसून आल्यावर असे झाले तर ते ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून देऊ नये. लांबच्या प्रवासात मधून मधून उतरून चालावे, पाणी प्यावे. कोणतीही मोठी शस्त्रक्रिया ठरली तर ही गोळी सुरू असल्याचे आधी सांगावे.

काखेतील लसिका ग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताला वर्षांनंतरही सूज येऊ शकते. शेतात काटा लागणे, विळ्याने कापणे, जनावरांमुळे ओरखडे पडणे हे रोजचेच असते. त्या हाताची जखम लगेच धुवावी. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मात्र ‘आता हा हात वापरूच नको’ हा सल्ला जुना झाला. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि काम सुरक्षित असते. ज्याचे पोट हातावर आहे त्याला हे सांगितले गेलेच पाहिजे.

म्हसवडहून हा पाठपुरावा अवघड का होतो?

म्हसवड सातारा-पंढरपूर रस्त्यावर, माण नदीकाठी वसलेले गाव. तालुक्याचे ठिकाण दहिवडी. जिल्ह्याचे ठिकाण सातारा दूर पश्चिमेला. कर्करोगावर उपचारांसाठी या पट्ट्यातील लोक कराडचे कृष्णा रुग्णालय, मिरजेचे सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय किंवा थेट परळचे टाटा स्मारक रुग्णालय अशा चार दिशांना जाऊ शकतात. उपचार मिळतात, पण कागदपत्रे चार ठिकाणी राहतात.

समजा, म्हसवडजवळच्या एखाद्या वाडीतील बासष्ट वर्षांच्या शेतकऱ्याची परळला शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वर्षी तो चार वेळा जातो. नवी मुंबईत माथाडी काम करणाऱ्या पुतण्याच्या खोलीवर उतरतो. दर खेपेला सोबत एक माणूस, दोघांचे भाडे, तीन दिवसांचा खाडा. दुसऱ्या वर्षी दोनदा जातो. तिसऱ्या वर्षी पाऊस लांबतो, चाऱ्याचा प्रश्न उभा राहतो आणि तारीख हुकते. एकदा तारीख हुकली की पुन्हा जायला संकोच वाटतो. त्याने कोणताही बेजबाबदारपणा केलेला नाही. दहा मिनिटांच्या तपासणीसाठी तीन दिवस मोडणारी व्यवस्थाच टिकणारी नाही.

माणदेशाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. इथला पुरुष वर्षभर गावात असतोच असे नाही. दिवाळीच्या सुमारास मेंढपाळ कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. माण, खटाव, आटपाडी, खानापूर भागातील माणसे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरलेली आहेत. मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून काम करणारे वेगळेच. अशा माणसाचा पाठपुरावा एका रुग्णालयाच्या फाइलवर चालणार नाही. त्याची माहिती त्याच्यासोबत फिरली पाहिजे.

आशाताईंच्या अर्जात पुरुष कुठे आहे?

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाचा ‘सीबॅक’ नावाचा अर्ज भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातील आजार यांची विचारणा त्यात असते. तोंडातील चट्टे, दीर्घ खोकला यांसारखे प्रश्न स्त्री-पुरुष दोघांना आहेत. पण स्तनातील गाठ, बोंडातून रक्तस्राव, आकारातील बदल हे प्रश्न ‘फक्त महिलांसाठी’ या रकान्यात आहेत.

तपासणी मोहिमेपुरता हा निर्णय समजण्यासारखा आहे. प्रत्येक पुरुषाची स्तन तपासणी करा, असे कोणताही तज्ज्ञ म्हणणार नाही. त्यातून हाती लागणारे रुग्ण फारच थोडे आणि अनावश्यक धावपळ मोठी असेल. आशांवर आधीच कामाचा बोजा आहे. एखाद्या आशाताईने साठीच्या पुरुषाला छातीबद्दल विचारणे दोघांनाही अवघड जाईल, हेही खरे.

पण ज्याला हा आजार होऊन गेला आहे, त्याचा प्रश्न वेगळा आहे. तो संशयित नाही, ठाऊक असलेला रुग्ण आहे. गावात त्याची माहिती सर्वांना असते. ‘गोळी सुरू आहे का? शेवटची तपासणी कधी झाली? नवी गाठ किंवा सूज आहे का?’ एवढे तीन प्रश्न वर्षातून दोनदा विचारायला वेगळी मोहीम लागत नाही. संकोच वाटत असेल तर उपकेंद्रातील पुरुष आरोग्य सेवक हे काम करू शकतो. ते पद त्यासाठीच उपयोगी पडावे.

मुलामुलींचा याच्याशी काय संबंध?

या पाठपुराव्यात केवळ एका माणसाचा जीव पणाला लागलेला नाही, कारण स्तन कर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषाला जनुकीय समुपदेशन आणि तपासणी सुचवावी, असे २०२० च्या तत्त्वांत म्हटले आहे. ‘बीआरसीए २’ जनुकात दोष असलेल्या पुरुषाला आयुष्यभरात स्तन कर्करोग होण्याची शक्यता सात टक्क्यांच्या आसपास सांगितली जाते. सर्वसाधारण पुरुषात ती हजारात एकाच्या जवळपास असते. अशा पुरुषात प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी सुचवली जाते.

हा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मग ते मूल मुलगा असो वा मुलगी. मुलीकडे तो गेला तर तिला स्तन आणि बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. तिच्यासाठी लवकर सुरू होणाऱ्या तपासण्या आणि प्रतिबंधक उपाय उपलब्ध आहेत, पण ते करण्यासाठी आधी हे ठाऊक असावे लागते. ‘आईकडून आजार येतो’ या समजुतीमुळे वडिलांकडचा धागा तपासलाच जात नाही.

अमेरिकी गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स यांनी २०१९ मध्ये स्वतःच्या स्तन कर्करोगाबद्दल आणि ‘बीआरसीए २’ दोषाबद्दल जाहीरपणे सांगितले. त्यांच्या बोलण्याचा भर मुलांना आणि नातवंडांना माहिती असायला हवी, यावर होता. महाराष्ट्रात टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये कर्करोग जनुकशास्त्राचा विभाग आहे. तिथे किंवा अन्यत्र एकदा केलेली तपासणी पुढच्या पिढीला उपयोगी पडते. लेकीच्या लग्नाआधी ‘घरात असला आजार’ बाहेर कळू नये, म्हणून गप्प राहण्याकडे कल असतो. अहवाल गोपनीय ठेवता येतो, हे सांगितले तर ही भीती कमी होऊ शकते. पण ती बोलूनच दाखवली नाही तर ती लेकीच्याच मुळावर येते.

इतक्या थोड्या रुग्णांसाठी वेगळी यंत्रणा कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. माणसारख्या तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच असे पुरुष असतील. त्यांच्यासाठी स्वतंत्र ओपीडी मागणे व्यवहार्य नाही आणि त्याची गरजही नाही.

कारण टॅमॉक्सिफेन, हाताची सूज, व्रणाची तपासणी, वर्षानुवर्षांचे वेळापत्रक हे सारे स्तन कर्करोगातून बऱ्या झालेल्या महिलांनाही लागते आणि अशा महिला तालुक्यात कितीतरी अधिक आहेत. त्यांचीही परळची वारी तितकीच अवघड आहे. पाठपुराव्याची सोय त्यांच्यासाठी तालुक्यात झाली तर त्याच रांगेत दोन-चार पुरुषांना उभे करायला जादा खर्च येत नाही. अट एकच, दारावर ‘महिला कक्ष’ अशी पाटी नसावी आणि पत्रकावर फक्त बाईचे चित्र नसावे. गुलाबी फितीने महिलांमधील संकोच दूर करण्यात मोठे काम केले. पुरुष मात्र त्या फितीकडे पाहून ‘हे आपले नाही’ म्हणून मागे फिरतो.

औषध चाचण्यांतही पुरुषांना वर्षानुवर्षे वगळले गेले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पाल्बोसिक्लिब हे औषध पुरुष रुग्णांसाठीही मंजूर केले. २०२० मध्ये, ठोस शास्त्रीय कारण नसेल तर पुरुषांना चाचण्यांतून वगळू नये, अशा आशयाची मार्गदर्शक तत्त्वे दिली. ‘संख्या कमी’ एवढे कारण तिथे पुरेसे मानले गेले नाही. तालुका पातळीवरही ते मानू नये.

मग काय करता येईल?

पहिली गोष्ट, पाठपुरावा कार्ड. कर्करोग रुग्णालयाने सुट्टी देताना मराठीत एक पान द्यावे. आजाराचा टप्पा, काय काढले, कोणते औषध किती वर्षे, पुढची तपासणी कधी, कोणत्या लक्षणांवर थेट फोन करायचा. मेंढपाळाच्या आणि गलाई कामगाराच्या खिशात ते पान असेल तर कराड असो वा कोईम्बतूर, समोरचा डॉक्टर अंधारात राहणार नाही. मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवला तर आणखी सोपे.

दुसरी, कामाची वाटणी. हाताने तपासणी, वजन, गोळीची चौकशी तालुक्यात व्हावी. शंका आली तरच रुग्ण कर्करोग रुग्णालयात जावा. ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेतून तज्ज्ञाचे मत घेता येते. टाटा स्मारकच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये देशातील तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. उपचारांची समान तत्त्वे ठरवणाऱ्या या जाळ्याने तालुक्याच्या डॉक्टरांसाठी पाठपुराव्याचे दोन पानी मराठी टिपण काढले, तरी मोठे काम होईल. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्या केंद्रांत केवळ केमोच्या खाटा नकोत, पाठपुराव्याचे टेबलही हवे.

तिसरी, पैशाची बाजू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सुरुवातीपासून ९७१ उपचारांबरोबर १२१ फॉलोअप सेवांचा समावेश होता. उपचारानंतरही रुग्णाची जबाबदारी उरते, हे राज्याने तेव्हाच मान्य केले होते. आता योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत गेले आहे. पण या रुग्णाला लाखांची गरज नाही. त्याला दरमहा न चुकता मिळणारी गोळी आणि तालुक्यातली तपासणी हवी. ग्रामीण रुग्णालयाच्या औषध भांडारात टॅमॉक्सिफेन कायम असणे, हे त्याचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

चौथी, नोंद आणि शोध. यासाठी दूर पाहायला नको. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण येईल याची वाट न पाहता तिथले कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, रुग्ण शोधले आणि घरी जाऊन त्यांची पुढची खबर ठेवली. संगणक हाताशी नसलेल्या काळात जे बार्शीला जमले, ते आज मोबाइल हाती असलेल्या माणला जमायला हरकत नाही.

पाचवी, बोलणे. म्हसवडची ओळख १९९७ मध्ये उभ्या राहिलेल्या माणदेशी महिला बँकेमुळे देशभर झाली. याच गावातून माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालते. अशा माध्यमातून एखाद्या बऱ्या झालेल्या पुरुषाने नाव न सांगताही आपला अनुभव सांगितला, तर दहा भित्तिपत्रकांपेक्षा त्याचा उपयोग अधिक. घरातील बायकांनाही हे ऐकू जाईल आणि नवऱ्याची गोळी संपल्याचे बहुतेकदा त्यांच्याच आधी लक्षात येते.

रुग्णाने आणि घरच्यांनी आजच काय करावे?

बायोप्सीचा अहवाल, शस्त्रक्रियेनंतरचा गाठीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवावी आणि फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावे. गोळीचा त्रास होत असेल तर ती बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. त्रास कमी करण्याचे मार्ग असतात. तारीख हुकली असेल, दोन वर्षे गेली असतील, तरी जावे. उशीर झाल्याबद्दल बोलणी बसतील या भीतीने आणखी उशीर करू नये. जनुकीय तपासणी झाली आहे का, हे एकदा विचारून घ्यावे आणि उत्तर मुलामुलींना सांगावे.

वार्षिक तपासणीसाठी लक्षात राहील असा दिवस ठरवणेही उपयोगी पडते. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथयात्रेला बाहेरगावची माणसे म्हसवडला येतात. कळपामागे गेलेल्यांसाठी परतीनंतरचा जून महिना सोयीचा. त्या आठवड्यात तालुक्याच्या रुग्णालयाने कर्करोगातून बरे झालेल्या स्त्री-पुरुषांसाठी दोन दिवस राखून ठेवले, तर वर्षभर निसटलेली बरीच माणसे त्या दोन दिवसांत भेटतील. त्यासाठी ना निविदा काढावी लागेल, ना इमारत बांधावी लागेल. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी यादी करावी आणि यात्रेच्या आधी प्रत्येकाला एक फोन करावा, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.